हिराबाईच्या मणक्यातली वानगी

उचगावात बातमी अशी होती, की हिराबाईच्या मणक्यातनं लाल पाणी निघालं.

नुसतं लाल नव्हे, तिखट! शेजारची शालूबाई नळावर हंडा भरता भरता हे सांगायची, तेव्हा तिचा आवाज आधी पार खाली जायचा आणि मग एकदम उसळी मारून वर यायचा. "सव्वीस वर्षं मिरचीत बसलीया बाई. मग? उतरलं की सगळं मणक्यात! डॉक्टरनं सुई घातली तशी चर्रकन धार उडाली, लालभडक! सिस्टर ठसकत भाईर पळाली. आणि धार गेल्याबरोबर बया टुणकन उठून बसली, भिंतीवरचं क्यालेंडर वाचाय लागली!"

ऐकणाऱ्या बायका "अगं आई गं" करत आपापल्या पाठीला हात लावायच्या.

यातलं काहीही खरं नाही. पाणी लाल नव्हतं. धार उडाली नाही, थेंब थेंब आलं, ते पण लहानशा नळ्यांत मिळून दोन चमचे. सिस्टर जागची हलली नाही. आणि पाणी इतकं नितळ होतं, की हिराबाईनं कुशीवर पडल्या पडल्या नळी उजेडाला धरायला लावली आणि म्हणाली, "ह्यात काय न्हाईच की! हे काय तपासणार तुमी?" उठून बसायचं तर नावच नको. पुढचे दोन दिवस मान वर केली की डोकं फुटेल असं दुखायचं, म्हणून ती सपाट पडून होती आणि छताकडं बघून डास मोजत होती. ते पाणी तिला बरं करायला काढलंच नव्हतं, तपासायला काढलं होतं.

पण शालूबाईला एका गोष्टीचं श्रेय द्यायला पाहिजे. सगळं मिरचीपासनं सुरू झालं, एवढं तिचं बरोबर.

हिराबाई मूळची नेसरीची. घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी. देवापुढं कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. ती प्रस्तुत लेखिकेची दोड्डव्वा, म्हणजे आईची थोरली बहीण. लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या उचगावला आली. नवरा अण्णाप्पा मार्केट यार्डात तोलार, पोती काट्यावर चढवून वजन सांगायचं काम. माणूस असा सावकाश बोलणारा, की वाक्याच्या एका टोकाला चहा सांगितला तर दुसऱ्या टोकाला तो येऊन गार झालेला असतो.

हिराबाईपण त्याच यार्डात गेली. हंबीरराव नावाच्या अडत्याच्या दुकानात देठं खुडणाऱ्या बायकांत बसली. पहिला महिना नुसती शिंकली. चौथ्या वर्षी एकदा हंबीररावांनी पास केलेल्या पोत्यावरनं जाता जाता म्हणाली, "मालक, वरचा माल औंदाचा हाय, खालचा गेल्या वर्षाचा." हंबीरराव हसले. हंबीरराव हसले की शेजारच्या चार दुकानांना कळतं, कारण हा माणूस कुजबुजतो तेच मुळी हाक मारल्यासारखं, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा. "तुला काय कळतंय? काय कळतंय तुला?" पोतं उलटं केलं. खालचा माल गेल्या वर्षाचा.

त्या दिवसापासनं हिराबाई फळीवर. दुकानाच्या दाराशी, दोन खोक्यांवर टाकलेली एक फळी, उत्तरेचा उजेड येईल अशी. सौद्याच्या आधी प्रत्येक पोत्यातनं मूठभर माल तिच्यापुढं यायचा. त्या मूठभर मालाला म्हणायचं वानगी. ती एक मिरची देठाला धरायची, एक डोळा मिटायची, दुसऱ्यानं उजेडाविरुद्ध बघायची, एकदा फिरवायची, कानाशी हलवून बियांचा आवाज ऐकायची आणि नंबर लावायची. एक, दोन, तीन. तिनं एक म्हटलं की मुंबईचा व्यापारीपण पोतं उघडून बघायचा नाही. यार्डात त्या जागी तिच्या आधी सगळे मिशावालेच बसलेले होते. हिराबाई म्हणायची, "मिशीनं रंग कळतोय व्हय?"

तर दोन हजार दोनचा जानेवारी संपत आलेला. सीझन तापायला लागलेला, यार्डात पोत्यांच्या थप्प्या छपरापर्यंत. हिराबाईचा डावा डोळा तीन दिवस दुखत होता. नुसता नव्हे, बुबुळ इकडंतिकडं फिरवलं की आतून ओढ लागल्यासारखा. मिरचीत बसणाऱ्या बाईचा डोळा दुखला तर दुसरं कोण काय म्हणणार? सगळ्यांनी एकच निदान केलं, मिरची गेली. अण्णाप्पानं गुलाबपाणी आणलं. शालूबाईनं एरंडेल आणलं. हिराबाईनं दोन्ही घातलं आणि कामाला आली.

गडहिंग्लजकडचा पिराजी नावाचा शेतकरी ब्याडगी मिरची घेऊन आला होता. वानगी पुढं आली. त्या दिवशी उजव्या डोळ्यात धूळ गेली होती, म्हणून हिराबाईनं उजवा मिटला आणि डाव्यानं बघितलं.

"तीन नंबर. जुना माल हाय."

पिराजी उडालाच. "आक्का! काय बोलालाय? औंदा तोडलीया मी! माझ्या हातानं वाळवलीया!"

"वाळवली असशील. पर रंग कुटं हाय? पाण्यात धुतल्यागत दिसालीया."

"दुसरं पोतं बगा की मग!"

दुसरं बघितलं. तसंच. तिसरं, तसंच. पिराजीनं डोक्यावरची टोपी काढून पोत्यावर आपटली. माणसं जमली. हंबीरराव आतनं ओरडत आले, "काय झालं? काय झालं काय?" त्यांनी मूठभर मिरची उचलली, उजेडाला धरली आणि हिराबाईकडं बघितलं.

तिनं धूळ पुसली. उजवा डोळा उघडला. मिरची रक्तासारखी लाल. उजवा मिटला, डावा उघडला. मिरची विटकरीच्या भुग्यासारखी. परत उजवा. परत डावा. एकच मिरची, एकाच हातात, एका डोळ्याला आजची आणि दुसऱ्या डोळ्याला गेल्या वर्षाची!

फळीवर बसल्यापासनं हिराबाईनं दिलेला नंबर कधी बदलला नव्हता. यार्डातली पन्नास माणसं बघत होती. ती फळीवरनं उतरली आणि हंबीररावांच्याच आवाजात ओरडली, "एक नंबर! तिन्ही पोती एक नंबर! चूक माझ्या डोळ्याची हाय, मालाची न्हाय!"

पिराजीनं टोपी उचलून घातली आणि तिच्या पाया पडायला लागला. ती म्हणाली, "पाया पडू नगंस, मला आधी दवाखाना दाव."

डोळ्याच्या डॉक्टरनं बघून मेंदूच्या डॉक्टरकडं पाठवलं. हे डॉक्टर चष्मा नाकाच्या टोकावर ठेवणारे, मऊ आवाजाचे. प्रत्येक वाक्य "म्हणजे कसं आहे" पासून सुरू करायचे आणि "बरं का" ला सोडायचे. त्यांनी खिशातनं औषधाच्या बाटलीचं लाल टोपण काढलं. उजव्या डोळ्यापुढं धरलं, मग डाव्या.

"म्हणजे कसं आहे, उजव्या डोळ्याला हा लाल रंग शंभर टक्के असला, तर डाव्याला किती वाटतो?"

"ते टक्के मला कळत न्हाईत," हिराबाई म्हणाली. "उजव्याला एक नंबर. डाव्याला तीन नंबर, त्यात बी गोदामात दोन वर्षं पडल्याली."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. वीस वर्षांत इतकं नेमकं उत्तर कुणी दिलं नव्हतं, म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यातनं मेंदूकडं जाणारी एक नस असते, ती सुजली आहे.

"म्हंजे फळ चांगलं हाय," हिराबाई म्हणाली, "देठाला सूज हाय."

"बरोब्बर! देठाला सूज, बरं का!"

डॉक्टर एवढे खूश झाले, की अण्णाप्पाला वाटलं आजार किरकोळ असणार. पण पुढचं ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरले. ही सूज बहुतेकदा आपोआप उतरते, सलाईनमधनं औषध दिलं की लवकर उतरते. नजर येईल. प्रश्न तो नाही. काही जणांना ही सूज आयुष्यात एकदाच येते आणि विषय संपतो. काही जणांना मात्र ती मोठ्या आजाराची पहिली वर्दी असते. मग परत येते, कधी दुसऱ्या डोळ्यात, कधी पायात, कधी हातात. हिराबाई यातली कुठली?

एमआरआयच्या बोगद्यात तिला घालून झालं होतं. फोटोत एक बारीक ठिपका होता. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे कसं आहे, या एका ठिपक्यावरनं मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही."

हंबीरराव सोबत आले होते. त्यांना असली उत्तरं चालत नाहीत. "पर डॉक्टर, सीझन तोंडावर हाय. तोंडावर हाय सीझन. एकदा चूक झाली, लोकं हसून सोडली. परत झाली तर माझ्या दुकानाच्या नंबरावर कोण इश्वास ठेवील? हिराबाई, वाईट वाटून घेऊ नका, पर परत येणारा रोग असला तर मला पुतण्याला बसवायला लागंल. सयाजीला बसवायला लागंल."

हिराबाईला डोळा जायची भीती वाटली नव्हती, एक दुसरा होता. फळी मात्र एकच होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "मग हे हो का न्हाय, ते कशात कळतंय?"

"पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात," डॉक्टर म्हणाले.

मेंदू आणि मणका एका पाण्यात बुडालेले असतात. त्या पाण्यातले ठरावीक पदार्थ एका पातळ थरावर पसरवून बघितले, की आजार आत मुरलेला असेल तर तिथं बारीक बारीक पट्टे उमटतात. पण नुसतं पाणी बघून चालत नाही. त्याच माणसाचं रक्तही शेजारी पसरवायचं. पट्टे दोन्हीत असले तर ते रक्तातनं आत झिरपलेले. फक्त पाण्यात असले, रक्तात नसले, तर ते आतच तयार होताहेत, म्हणजे परत होण्याचा धोका जास्त. कशातच नसले तर धोका कमी.

डॉक्टर हे दुसऱ्यांदा सांगायला लागले, कारण पेशंटना ते पहिल्यांदा कधीच कळत नाही. हिराबाईनं हात वर केला. "कळलं. दोन वानग्या. एक पाण्याची, एक रगताची. शेजारी शेजारी ठेवून नंबर लावायचा."

मणक्यात सुई झाली, पाणी निघालं, हातातनं रक्त निघालं. तीन दिवस सलाईन चढलं. ही तपासणी तेव्हा कोल्हापुरात होत नव्हती, मुंबईला न्यायची होती. रविवारी सकाळी डॉक्टरांनी दवाखान्यातल्या फ्रीजमधनं पाण्याची नळी आणि रक्ताची नळी काढून बर्फाच्या थर्मासमध्ये घालून अण्णाप्पाच्या हातात दिल्या. अण्णाप्पा कोयना एक्सप्रेसनं निघाला. थर्मास मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर, कऱ्हाडला वडा घेतला तो शेजारच्यानं भरवला.

सोमवारी अकराच्या सुमाराला हंबीररावांच्या दुकानातला फोन वाजला. हिराबाई फळीच्या मागं पोत्याला टेकून बसली होती. कामाला नव्हे, नुसतीच, घरात करमेना म्हणून. पलीकडनं मुंबईच्या तपासणी केंद्रातली शांभवी नावाची मुलगी बोलत होती. आवाज शाळेतल्या वर्गप्रमुखासारखा.

"नमस्कार, हिराबाईंचं सॅम्पल आलंय, पण ते अर्धवट आहे हो. सीएसएफ, म्हणजे मणक्यातलं पाणी, आहे, रक्त नाहीये. हे काका म्हणताहेत की रक्त ते आणणारच नव्हते."

"काय? काय म्हणताय? द्या त्याला, त्याला द्या!"

मग अण्णाप्पाचा आवाज, नेहमीसारखा सावकाश, आणि वर थोडा अभिमान. "मालक... ते... राखीव ठेवलंय."

"राखीव? कसलं राखीव?"

"दोन वानग्या हुत्या. आपली पद्धत न्हाई का... सगळा माल गिऱ्हाइकाला द्यायचा न्हाई... एक वानगी आपल्या कपाटात ठेवायची. उद्या ती मुंबईची लोकं म्हणाली, माल असा न्हवता, तसा न्हवता... तर आपल्याकडं पुरावा पायजे का नको?"

दुकानात सगळ्यांनी एकदम वानगीच्या कपाटाकडं बघितलं. हंबीररावांनी ते उघडलं. यार्डाची रीतच आहे तशी. पाठवलेल्या प्रत्येक मालाची एक पुडी जपून ठेवायची, वर नाव आणि तारीख. कपाटात पुड्यांच्या रांगा. आणि गुंटूर आणि ब्याडगीच्या मधोमध, कागदात गुंडाळून, अण्णाप्पाच्या सुबक अक्षरात: "हिराबाई. रक्त. रविवार."

हंबीररावांनी ती नळी दोन बोटांत धरून हिराबाईपुढं केली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य एकदाच बोलले, "ह्याला काय म्हणायचं?"

हिराबाई हसायला लागली. इतकी हसली की देठं खुडणाऱ्या बायकापण कारण न विचारता हसल्या. दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, म्हणजे कसं आहे, नळी एक दिवस एक रात्र मिरचीच्या कपाटात उबली आहे, ती टाकून द्या. पाणी तिकडं फ्रीजमध्ये ठेवलं तर टिकेल. रक्त मात्र नव्यानं काढून पाठवायला पाहिजे.

"पाठवायचं कशाला?" हिराबाई म्हणाली. "माझ्या अंगातच हाय की. मीच जाते. ह्या डब्यातनं सांडायचं न्हाई, उबायचं न्हाई."

हंबीरराव म्हणाले, "एकटी? एकटी कशी?"

"एकटी कुठली? तिकडं राखीव नवरा बसलाय की!"

मंगळवारी सकाळी ती कोयनेत बसली. सीझनच्या दिवसात यार्ड सोडून जायची ही तिची पहिलीच वेळ. सोबत पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकऱ्या. वाटेत प्रत्येक स्टेशनवर काहीतरी लाल शोधायची. सिग्नलचा दिवा, हमालाचा डगला, कुणाच्या तरी लेकराचा फुगा. आधी उजव्या डोळ्यानं, मग डाव्यानं. साताऱ्याच्या पुढं समोरच्या बाईनं जागा बदलली. तिला वाटलं, ही आपल्याला डोळा मारतीय.

बुधवारी रक्त दिलं. "उद्या दुपारी रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना फॅक्सनं जाईल," शांभवी म्हणाली. "तुम्ही गेलात तरी चालेल, काकू."

"मी बसते हितंच."

"अहो, इथं काय करणार तुम्ही?"

"पट्टं बघणार."

"काकू, असं नसतं हो! पेशंटला नाही दाखवत आम्ही."

"का? माझाच माल न्हवं?"

शांभवीनं खूप समजावलं. नियम सांगितले, साहेबांचं नाव सांगितलं. हिराबाई बाकावरनं हलली नाही. गुरुवारी परत हजर, दार उघडायच्या आधी. दुपारपर्यंत तिनं शांभवीला अर्धी भाकरी आणि सगळी चटणी खाऊ घातली होती, मिरची कशी ओळखायची ते शिकवलं होतं, आणि लाल टोपणाची गोष्ट सांगून तिला पोट धरून हसवलं होतं. नियम तेवढ्यात पातळ झाला असावा. शांभवी दार ढकलून बाहेर आली आणि कुजबुजली, "दोन मिनिटं. फक्त बघायचं. अर्थ मी सांगणार नाही. तो डॉक्टरच सांगतील."

आत मागून उजेड सोडलेली एक काच होती. तिच्यावर पोस्टकार्डाएवढा पातळ थर. त्यावर उभ्या वाटा, शेजारी शेजारी.

अण्णाप्पानं हिराबाईचा पदर धरला.

"ही पहिली तुमची नाही," शांभवी म्हणाली. "ही आम्ही मुद्दाम ठेवतो, तपासणी बरोबर झाली की नाही ते कळायला." त्या वाटेत पट्टेच पट्टे होते, स्वच्छ, शिडीच्या पायऱ्यांसारखे. "आणि या शेजारच्या दोन तुमच्या. हे रक्त. हे पाणी."

हिराबाईनं डावा डोळा मिटला आणि उजव्यानं बघितलं. मग उजवा मिटला आणि डाव्यानं बघितलं. मग दोन्ही उघडून, वाकून, नाक काचेला लागेपर्यंत. आधी पट्टेवाली वाट. मग आपलं रक्त. मग आपलं पाणी. परत पट्टेवाली. तिचा श्वास काचेवर उमटला, तो शांभवीनं पुसला.

रक्ताच्या वाटेत नुसता सारखा पसरलेला धुरकट डाग. पाण्याच्या वाटेत तसाच, जरा फिका. पायरी एकही नाही.

"ह्यो माल साफ हाय," हिराबाई म्हणाली.

"काकू, मी काही बोलले नाही हं," शांभवी म्हणाली, पण तिचे दात दिसत होते.

अण्णाप्पा म्हणाला, "म्हंजे... किती नंबर?"

"एक! एक नंबर, तोलार! दोन्ही वानग्या!" आणि त्या गार, शांत, कुजबुजून बोलायच्या खोलीत तिनं जी आरोळी ठोकली, ती थेट सौद्याची. आतनं साहेब धावत आले. शांभवीनं दोघांना मागच्या जिन्यानं काढलं, आणि अर्ध्या जिन्यात थांबून चटणीची कृती लिहून घेतली.

कोल्हापुरात डॉक्टरांनी फॅक्स वाचला आणि हंबीरराव खुर्चीच्या टोकावर सरकले. "हो का न्हाय?"

"म्हणजे कसं आहे, पट्टे नाहीत. परत होण्याची शक्यता कमी."

"कमी म्हंजे न्हाय न्हवं? न्हाय न्हवं?"

"शून्य नाही, बरं का. पाच वर्षं काही झालं नाही, तर मी पण निवांत होईन."

"शून्य न्हाय म्हंजे हाय!" हंबीरराव दुकानात येईपर्यंत तेच बोलत होते. शून्य न्हाय म्हंजे हाय. सयाजी नवा शर्ट घालून आला होता आणि फळीच्या जवळ उभा होता, बसावं की नाही अशा बेतात.

हिराबाईनं त्याला बाजूला सारलं आणि बसली. "मालक, ऐका. त्या दिवशी चूक झाली ती तुमाला कोण सांगटलं? पिराजीनं? न्हाई. मीच सांगटलं, पन्नास माणसांत. आता बी मीच सांगणार. रोज सकाळी पैली मिरची आधी ह्या डोळ्यानं बघणार, मग ह्या डोळ्यानं. आज उजव्याला एक नंबर तर डाव्याला दोन हाय. ते सुधारालंय. ज्या दिवशी सुधारायच्या ऐवजी बिघडंल, त्या दिवशी मी आपण उठून जाणार. सयाजीला तुमी हाक मारायच्या आधी मी मारणार. असला माणूस तुमाला दुसरा कुटं गावणार हाय?"

हंबीरराव सयाजीकडं वळून म्हणाले, "चहा सांग. सगळ्यांना चहा सांग."

आनंदानं हिराबाईच्या अंगात वारं शिरलं. ती फळीवर उभीच राहिली. "आणि लावा पैज! पाच वर्षांत परत येत न्हाई! कोण लावतंय?"

पिराजी मुद्दाम गडहिंग्लजहून विचारपूस करायला आला होता, त्यानं जमिनीकडं बघितलं. अण्णाप्पा काट्याचं पारडं पुसायला लागला. देठं खुडणाऱ्या बायका जास्तच खुडायला लागल्या. असल्या गोष्टीच्या उलट्या बाजूला कोण उभं राहणार?

"अरे लावा की! दुसऱ्या बाजूला कोण नसलं तर ती पैज कसली? त्यो तर नवस झाला!"

तेव्हा प्रस्तुत लेखिका, वय वर्षं बारा, जी शाळा सुटून तिथं आली होती आणि पोत्यांच्या मागं हंबीररावांचं "शून्य न्हाय म्हंजे हाय" बायकांना करून दाखवत होती, ती पुढं आली आणि म्हणाली, "मी लावते, दोड्डव्वा. मी जिंकले तर?"

अण्णाप्पानं तिच्याकडं असं बघितलं, की ते बघणं काट्यावर ठेवलं असतं तर काटा मोडला असता. हिराबाई मात्र खूश. "तू जिंकलीस तर ही फळी तुझी. मी मागं बसून शिकवीन. आणि हरलीस तर ह्या मालकांची नक्कल, ह्या मालकांच्या तोंडावर, ऐन सौद्याच्या वक्ताला, पोत्याच्या थप्पीवर उभं राहून करायची."

"माझी नक्कल?" हंबीरराव ओरडले. "कोण करतंय? कोण करतंय माझी नक्कल?"

पाच वर्षं हिराबाईनं दर सकाळी पहिली मिरची दोनदा बघितली. डावा डोळा सुधारत सुधारत सव्वा नंबरावर येऊन थांबला. तिथनं पुढं गेला नाही, पण मागंही आला नाही. दोन हजार पाचच्या मे महिन्यात मात्र एकदा भर उन्हात चालत आल्यावर डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं. ती काही न बोलता फळीवरनं उठली आणि सयाजीला हाक मारली, ठरल्याप्रमाणे. यार्डभर बातमी गेली. प्रस्तुत लेखिका पळत पळत दुकानात आली, तेव्हा हिराबाई माठाजवळ गार फडकं डोक्यावर घेऊन बसली होती. एक डोळा मिटत होती, दुसरा उघडत होती. अर्ध्या तासानं धुकं गेलं. डॉक्टर म्हणाले, जुन्या जखमेवर उन्हाचा ताव, नवीन काही नाही, बरं का. हिराबाई परत फळीवर बसली आणि भाचीला म्हणाली, "पैज लावलीस आणि रडतीस कशाला? कुठल्या बाजूला हाईस तू नक्की?"

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत पाच वर्षं पुरी झाली. डॉक्टरांनी तेच लाल टोपण दोन्ही डोळ्यांपुढं धरलं, पाय तपासले, हात तपासले, खुर्चीत मागं रेलले आणि पहिल्यांदा "म्हणजे कसं आहे" न म्हणता म्हणाले, "जा घरी."

ती घरी गेली नाही. थेट यार्डात आली. सौदा भरात होता, मुंबईचे व्यापारी, शेतकरी, हमाल, शंभरेक माणसं. हंबीरराव मधोमध, हात वर, बोली पुकारत, प्रत्येक आकडा दोनदा. हिराबाईनं फळीवरनं पाच वर्षांची पाच बोटं वर केली आणि ती तशीच धरून ठेवली. प्रस्तुत लेखिका, वय वर्षं सतरा, पैज साफ हरलेली, ठरलेली नक्कल करायला ओढणी कमरेला खोचून पोत्यांच्या थप्पीवर चढली, वर पोचल्यावर दोनदा शिंकली, घसा साफ केला आणि हंबीररावांच्या अगदी समोर उभी राहिली.